वीस वर्षांची वही, साठ दिवसांची मुदत

प्रश्न: मी सिन्नर तालुक्यातली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले आहे. नाशिकच्या एका संवर्धन संस्थेने प्रकल्प सहायक म्हणून बोलावलं आहे. घरचे विचारतात, पक्षी मोजून काय होणार? संशोधन विद्यापीठ करतं, जंगल वनखातं बघतं, कायदे सरकार करतं. मग संस्था मध्ये नेमकं काय करते? आणि आम्ही केलेली नोंद खरोखर एखाद्या निर्णयापर्यंत पोचते का?

उत्तर: घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. मी वीसहून जास्त वर्षं याच कामात आहे, त्यातली बहुतेक नाशिक जिल्ह्यातच गेली, आणि सुरुवातीची काही वर्षं मलाही या प्रश्नाचं धड उत्तर देता येत नव्हतं. ते मला नांदूर मधमेश्वरला सापडलं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला. त्यामागे गाळ साठत गेला, उथळ पाणी पसरलं, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी यायला लागले. १९८६ मध्ये तिथं अभयारण्य झालं. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. वर्तमानपत्रांत त्या वेळी रोहित पक्ष्यांचे फोटो आले, अभिनंदनं झाली. पण या जागेची एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. इथलं पाणी वनखात्याच्या हातात नाही. गंगापूर, दारणा या वरच्या धरणांतून पाणी सुटतं, बंधाऱ्यात येतं आणि कालव्यांतून येवला, कोपरगाव, राहाता, वैजापूरकडे जातं. जायकवाडीला सोडायचं पाणीही याच वाटेने जातं. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, कधी आणि किती दिवसांचं, हे जलसंपदा विभाग आणि कालवा सल्लागार समिती ठरवते. अभयारण्याची हद्द एका खात्याकडे, अभयारण्याचा जीव दुसऱ्या खात्याकडे.

आता पक्षी बघा. वारकरी नावाचे पाणपक्षी आणि बुडी मारणारी बदकं खोल पाण्यात राहतात. तलवार बदक, भुवई बदक, हळदी-कुंकू या बदकांना गुडघाभर पाणी पुरतं. चमचे आणि शराटी हे पक्षी त्याहून उथळात. तुतवार, टिलवे, पाणलावे यांना ओला चिखल लागतो, पाणी नव्हे. पातळी हातभर वर गेली तर चिखल बुडतो आणि हे सगळे एका रात्रीत दिसेनासे होतात. एका जानेवारीत आमच्या मोजणीत चिखलपक्षी एकदम कमी भरले. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली की पक्ष्यांनी नांदूरकडे पाठ फिरवली. गावात, कार्यालयात, सगळीकडे फोन सुरू झाले. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने मोजणीच्या दिवशी बंधाऱ्यावरची पातळी वहीत लिहून ठेवली होती. तो ती दर वेळी लिहायचा आणि आम्ही त्याला हसायचो. मागच्या वर्षांच्या पातळ्या शेजारी ठेवल्यावर कळलं की त्या आठवड्यात आवर्तनासाठी बंधारा तुडुंब होता. पक्षी आसपासच्या गावतळ्यांवर आणि नदीच्या काठांवर पांगले होते. पाणी उतरलं तसे महिनाभराने बरेचसे परत आले.

त्या वहीने मला माझं काम समजावलं. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, ती १९८७ पासून सुरू आहे, आणि नांदूरची मोजणी वनखातं, संस्था आणि पक्षीमित्र मिळून करतात. पातळीची नोंद जलसंपदाकडे असते. पाण्याचे नमुने एखाद्या कॉलेजचा विभाग तपासतो. कुठे मासा कमी झाला, कुठे जलपर्णी अडकली, हे चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडीच्या मासेमारांना ठाऊक असतं. चारही गोष्टी आहेत, पण त्या एका कागदावर आणणं कुणाच्याच नोकरीचा भाग नाही. प्राध्यापकांचा प्रकल्प तीन वर्षांत संपतो. वन अधिकाऱ्यांची बदली तीन वर्षांत होते. अभियंत्यांचीही होते. गावात सरपंच बदलतो. या सगळ्यांमधून जी टिकते आणि जोडते ती संस्था. म्हणजे टिकायला हवी. सगळ्याच टिकत नाहीत.

मग त्या कागदाचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. रब्बीच्या पिकाला पाणी लागतं, ते पक्ष्यांसाठी थांबवा असं आम्ही कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. निफाडचा, कोपरगावचा शेतकरी आपलाच आहे. पण पाणी एकदम उतरवायचं की टप्प्याटप्प्याने, हे विचारता येतं. पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियम आहेत आणि रामसर स्थळाला व्यवस्थापन आराखडा लागतो. त्या आराखड्याच्या बैठकीत ‘पक्ष्यांसाठी पाणी ठेवा’ एवढंच बोलणारा माणूस निरुपयोगी ठरतो. अमुक पातळीला अमुक गटाचे पक्षी इतके दिवस राहतात, हा दहा वर्षांचा तक्ता मांडणाऱ्याचं ऐकून घेतात. काही वर्षी त्याप्रमाणे घडलं, काही वर्षी नाही. दुष्काळी वर्षात तर तो विषय काढायचंही धाडस होत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण आता प्रश्न पातळीच्या भाषेत विचारला जातो. आधी तो नुसता आकड्याच्या भाषेत होता.

तुमच्या घरच्यांना एक दुसरी गोष्ट सांगा, गिधाडांची. तिची सुरुवात नाशिकमध्ये नाही, पण ती अंजनेरीच्या कड्यापर्यंत येते.

नव्वदच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) शास्त्रज्ञांना घरट्यांवर मेलेली गिधाडं दिसायला लागली. त्यांच्यातल्या विभू प्रकाश यांच्याकडे तिथल्या आधीच्या नोंदी होत्या, म्हणूनच घट झाली आहे असं ठामपणे म्हणता आलं. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. आधी सगळ्यांना वाटलं, एखादा संसर्ग असेल. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून कारण कळलं. गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. गणितावरून असंही दिसलं की शंभरात एखाद्याहून कमी मृत जनावरांत हे औषध असलं तरी एवढी घट व्हायला पुरेसं आहे.

२००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदीची पावलं उचलली. दोन वर्षांत! आपल्याकडे फाईल इतक्या वेगाने क्वचितच हलते. ती हलली, कारण त्याच काळात संस्था, पशुवैद्यक संशोधक आणि परदेशी सहकारी यांनी मिळून मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचं तपासून दाखवलं. नुसतं ‘हे बंद करा’ म्हटलं असतं, तर दुधाच्या जनावराला ताप आलेल्या शेतकऱ्याला काय द्यायचं, याचं उत्तर मंत्रालयाकडे नसतं. मागणीबरोबर पर्याय नेला तर सही होते. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगतो.

आणि बंदीने काम संपलं नाही. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या कुप्या मिळत होत्या, त्या गुरांना टोचल्या जात होत्या. हे सरकारच्या कागदावर कुठेच दिसणार नव्हतं. ते कळलं औषधांच्या दुकानांत गिऱ्हाईक म्हणून जाऊन केलेल्या सर्वेक्षणांतून, आणि ती केली संस्थांनी. २०१५ मध्ये माणसांच्या औषधाची कुपी ३ मिलिलिटरवर आणली गेली. मग एसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांचा धोका पुढे आला, आणि जनावरांसाठी त्यांच्यावरची बंदी २०२३ मध्ये आली. नोंद, कारण, पर्याय, नियम, आणि नियम पाळला जातो का याची पुन्हा नोंद, असं हे चाक पंचवीस वर्षं फिरतं आहे.

आमच्याकडे त्र्यंबकेश्वर तालुक्यात अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं आहेत. हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वनखात्याने गावाच्या मदतीने गिधाडांसाठी खाद्यस्थळ केलं. तिथं मेलेलं जनावर टाकण्याआधी शेवटच्या दिवसांत त्याला कोणती सुई दिली होती, हे विचारावं लागतं. हा प्रश्न वनरक्षकाने विचारला तर शेतकरी बिचकतो. ओळखीच्या माणसाने विचारला तर तो घरातली रिकामी बाटली आणून दाखवतो. दिल्लीतली अधिसूचना आणि ती बाटली यांच्यामधलं अंतर ओळखीच्या माणसानेच कापायचं असतं. त्यासाठी पशुधन पर्यवेक्षकांच्या बैठकीला जाऊन बसावं लागतं, त्यांच्या लसीकरणाच्या दिवशी हातभार लावावा लागतो. प्रकल्प अहवालात या दिवसांना रकाना नसतो.

बिबट्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण निफाडच्या उसात काम करायचं तर हा विषय पहिल्याच महिन्यात समोर येईल. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यावर तिथं माणसांवरचे हल्ले वाढले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसलं. ते काम वनखात्याच्या नोंदींवर आणि त्यांच्या सहकार्याने झालं. पुढे अकोले खोऱ्यात, म्हणजे आपल्या शेजारीच, शेतीच्या प्रदेशात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे राहतात, हेही कॅमेऱ्यांनी दाखवलं. २०११ मध्ये केंद्राने मानव-बिबट्या संघर्षासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामागे हे संशोधन होतं. पण ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घरासमोर उभं राहून शोधनिबंध सांगायचा नसतो. तिथं आधी पंचनामा लवकर होऊन भरपाई वेळेत मिळेल हे बघायचं, वस्तीवर रात्रीचा उजेड आणि गोठ्याला दार बसेल हे बघायचं. बाकीचं नंतर. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या असाल तर हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

आता ज्या कामाबद्दल मला आजही वाईट वाटतं, ते सांगतो. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या मदतीने लोकजैवविविधता नोंदवही करावी, असं आहे. ही कल्पना माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. गावाचं ज्ञान गावाने, गावाच्या नावाने लिहायचं. आपलं राज्य जैवविविधता मंडळ २०१२ मध्ये नागपुरात सुरू झालं. वर्षानुवर्षं काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातली: ३१ जानेवारी २०२० पर्यंत नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याने दरमहा १० लाख रुपये भरावेत. लवादाचा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की सगळीकडे एकदम घाई सुटली.

त्या घाईत तयार झालेल्या काही नोंदवह्या मी पाहिल्या आहेत. शेजारशेजारच्या गावांच्या वह्यांत झाडांची यादी शब्दशः एकच. पठारावरच्या गावाच्या यादीत खाडीकाठची वनस्पती. रानभाज्यांचा रकाना कोरा, आणि तो कुठल्या गावाचा? जिथल्या बायका पावसाळ्याचे दोन महिने शेवळं, लोत, चाईचा मोहोर, फोडशी, कर्टुली, कुरडू, बांबूचे कोंब यांवर घर चालवतात त्या गावाचा. कुणी केलं ते मी लिहिणार नाही. पण आमच्या संस्थेनेही त्या काळात काही गावांचं काम स्वीकारलं होतं, आणि त्यातल्या दोन गावांना आम्ही द्यायला हवा होता तेवढा वेळ दिला नाही. मी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्या दोन्ही गावांत परत गेलो, पैसे नसताना गेलो, आणि पुरवणी केली. ती करताना पेठकडच्या एका आजींनी एका कंदाची चार नावं सांगितली: कोवळा असताना एक, फुलावर आल्यावर दुसरं, उकडून खाल्ला तर तिसरं, औषधाला काढला तर चौथं. आमच्या आधीच्या वहीत तो कंद एका ओळीत, एका लॅटिन नावाने होता.

ही वही नीट का लागते, तर पुढे तिच्यावर हक्क उभा राहतो. एखादी कंपनी रानातलं काही व्यापारासाठी नेते, तेव्हा समितीशी सल्लामसलत आणि लाभवाटप (फायद्यातला वाटा देणं) हे कायद्याचे मुद्दे येतात. २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिच्यात संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभवाटपातून सूट मिळाली. म्हणजे आता ग्रंथात नसलेलं, आजींच्या तोंडी असलेलं ज्ञान वेगळं ओळखता येणं आणखी महत्त्वाचं झालं. आणि त्याच वेळी ते ज्ञान उघड्यावर मांडायचं की नाही, हे ठरवायचा अधिकार गावाचा. आम्ही आता प्रत्येक औषधी नोंदीपुढे विचारतो: ही गावाबाहेर दाखवायची का? ‘नाही’ म्हटलं की ती पानं गावाच्या कपाटात. आमच्या संगणकावरही नाही.

संस्थेला कायद्यात खुर्ची आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव क्षेत्र हा प्रकार आला. सरकारी जमीन, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून जाहीर करायची. त्याच्या व्यवस्थापन समितीत वन विभाग, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, कृषी आणि पशुसंवर्धन विभागाचा एकेक, आणि वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी, असं कायदाच सांगतो. तीन! नाशिक शहराला लागून, रामशेजच्या शेजारचा बोरगड २००८ मध्ये असा जाहीर झाला, सुमारे साडेतीन चौरस किलोमीटरचा. येवल्यात काळविटांसाठी ममदापूर झालं. या समित्यांच्या बैठका नियमित होतात का, झाल्या तर इतिवृत्त मराठीत निघतं का, सरपंचाला बोलायला वेळ मिळतो का, हे बघणं हे धोरणाचंच काम आहे. धोरण म्हणजे मुंबई-दिल्लीतलं काहीतरी, असा समज सोडा. चराईसाठी कोणता उतार कोणत्या महिन्यात मोकळा ठेवायचा, हा ठराव माझ्या मते मोठ्या परिषदेच्या जाहीरनाम्याइतकाच महत्त्वाचा आहे. त्यावर गवत वाढतं की नाही ते दिसतं.

आता मुदतींचा विषय, म्हणजे या सगळ्याचा गाभा. जुलै २०२४ मध्ये पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा नवा मसुदा आला. महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात इगतपुरी, त्र्यंबकेश्वर अशा आपल्या तालुक्यांतली गावं. हरकती-सूचनांसाठी ६० दिवस. तेही ऐन पावसाळ्यात, भाताची लावणी-निंदणी चालू असताना. गावात चर्चा एकच: आता घराला पत्रा टाकायचा तरी परवानगी लागणार म्हणे. मसुद्यात नेमकं कशावर बंधन आहे, खाणी, मोठे प्रकल्प, आणि कशावर नाही, हे मराठीत, चार पानांत, गावाच्या नावासह कुणीतरी सांगायला हवं होतं. ते काम संस्थांनीच करायचं असतं. जिथं संस्थेकडे गावनिहाय माहिती तयार होती, तिथं दोन महिन्यांत बैठका होऊन गावाने स्वतःचं म्हणणं लिहिता येतं, बाजूने असो वा विरोधात. जिथं माहिती नव्हती, तिथं पहिला महिना नकाशा शोधण्यातच जातो.

नाशिकला तर सिंहस्थ जवळ आला की रस्ते, घाट, वाहनतळ यांची कामं भराभर निघतात. तेव्हा कुणी तुम्हाला अभ्यासाला वर्ष देणार नाही. अंजनेरीचं उदाहरण घ्या. तिथल्या पठारावर एक कंदीलपुष्प आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी ते नवी प्रजाती म्हणून जगापुढे मांडलं, त्याच्या नावातच आपला डोंगर आहे. पावसाळ्यात ते उगवतं, फुलतं, आणि नंतर जमिनीखाली कंद तेवढा उरतो. एखाद्या प्रस्तावासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वेक्षण केलं, तर त्या पठारावर ते रोप ‘आढळलं नाही’ असं अगदी प्रामाणिकपणे लिहिलं जाईल. त्या अहवालात खोटं काही नसेल, आणि तरी तो चुकीचा असेल. हे सांगायला मागच्या पंधरा पावसाळ्यांच्या नोंदी लागतात. गिधाडांचं उलट आहे. त्यांची घरटी हिवाळ्यात बघावी लागतात. कड्यावर रोपवे किंवा रस्ता यांची चर्चा निघते, तेव्हा या दोन वेगळ्या ऋतूंच्या नोंदी एकाच दिवशी टेबलावर ठेवता येणं, यासाठीच आम्ही एवढी वर्षं तो डोंगर चढलो.

याच पुष्पाने आणखी एक शिकवलं. नोंद करायची, पण नेमकं ठिकाण सगळ्यांना सांगायचं नाही. कंद उकरून नेणारे असतात, फोटोसाठी झुडपं तुडवणारे असतात. वनखात्याला आणि समितीला अचूक जागा, बाकीच्यांना फक्त डोंगराचं नाव. नव्या मुलांना हे आवडत नाही. त्यांना शोध लगेच मित्रांना दाखवायचा असतो. मला त्यांचा आनंद कळतो, पण या बाबतीत मी कडक आहे.

तुमच्या एकेका नोंदीची किंमत विचारलीत, तर २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल बघा. ९४२ प्रजाती, सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी, आणि १३ संस्था एकत्र. त्यातून १७८ प्रजाती संवर्धनासाठी अग्रक्रमाच्या ठरल्या. त्या ३ कोटींत नांदूर, गंगापूर धरण, बोरगड इथल्या माणसांच्या नोंदी आहेत, शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या, द्राक्ष बागायतदारांच्या. पण सगळ्या नोंदी सारख्या उपयोगाच्या नसतात. ‘आज रोहित दिसला’ ही आठवण झाली. ‘सकाळी सात ते आठ, अमुक ठिकाणी, दिसले-ऐकले ते सगळे पक्षी, चिमण्या-कावळ्यांसकट’ ही नोंद झाली. जे शोधूनही दिसलं नाही ते शून्य म्हणून लिहिलं असेल, तर ती आणखी चांगली नोंद. गिधाडांच्या बाबतीत देशाला जाग आली ती शून्याकडे घसरत गेलेल्या आकड्यांमुळेच.

विद्यापीठाबद्दल एक शब्द, कारण तुम्ही तिथून येता. विद्यापीठाचं काम आम्ही करू शकत नाही. संख्याशास्त्र, जनुकीय तपासणी, प्रजातीची खात्री, यासाठी आम्ही त्यांच्याकडेच जातो. देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक छोटा मासा आहे, १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा यांनी तो देवळालीहून नोंदवला, आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो, नांदूरच्या रामसर माहितीतही त्याचं नाव आहे. जाळ्यात आलेला बोटभर मासा तोच का, हे मी सांगू शकत नाही, मत्स्यतज्ज्ञच सांगू शकतो. मात्र ते जाळं कुणाचं, कोणत्या डोहातलं, आणि तो मासेमार पुढच्या वर्षीही आपल्याशी बोलेल का, हे आमच्याकडे. मतभेद होतात ते श्रेयावरून. वाटाड्या, मासेमार, वनरक्षक यांनी पाच वर्षं माहिती दिली आणि निबंधात शेवटी ‘स्थानिकांचे आभार’ एवढंच आलं, असं घडतं. करार करतानाच लिहून घ्या: नावं कुणाची येतील, माहिती कुणाची राहील, आणि मराठीतली प्रत गावाला कधी मिळेल.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. पगार कमी असेल, आणि कधी उशिराही मिळेल. घरी हे आधी सांगा. प्रकल्प वर्षाचे असतात, निसर्गाच्या नोंदी दहा वर्षांच्या, आणि मधल्या खड्ड्यात संस्था चाचपडतात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून रोपं लावायला पैसे सहज मिळतात, मोजणीला मिळत नाहीत. आम्ही एक रेघ ओढली आहे: ज्या प्रकल्पाबद्दल आम्हाला समितीत मत द्यायचं आहे, त्याच्या मालकाकडून अभ्यासाचेही पैसे घ्यायचे नाहीत. त्यामुळे दोनदा मोठी रक्कम सोडली, आणि त्या वर्षी दोन सहकाऱ्यांना दुसरीकडे नोकरी शोधावी लागली. तो निर्णय बरोबर होता असं मी मानतो, पण त्याची किंमत त्या दोघांनी भरली, मी नाही, हे मी विसरत नाही.

म्हणून तुम्हाला बोलावलेल्या संस्थेत जाण्याआधी एक करा. मुलाखतीला जाल तेव्हा त्यांचे पुरस्कार, फोटो, माहितीपट नंतर बघा. आधी त्यांच्या सगळ्यात जुन्या मोजणीची वही मागा. ती दहा मिनिटांत निघाली, तर उघडा आणि बघा की तारखेपुढे वेळ आहे का, मोजणाऱ्याचं नाव आहे का, पाण्याची पातळी किंवा निदान त्या दिवसाचं हवामान लिहिलं आहे का, आणि कुठं शून्य लिहिलेलं सापडतं का. मग त्यांना विचारा की या वहीची प्रत चापडगावात किंवा त्यांच्या कामाच्या गावात कुणाकडे आहे. त्या माणसाचं नाव त्यांनी न अडखळता सांगितलं, तर रुजू व्हा.